सकाळचे डॉक्टर व सायंकाळचे डॉक्टर

"सायंकाळीं घरीं या." हें तीन शब्दांचें वाक्य ठाऊक नाहीं असें कुटुंब आपल्या जिल्ह्यांत सांपडणें कठीण. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागांत सकाळीं दोन तास रांगेंत उभें राहिल्यावर, कागदावर चार अक्षरें खरडतां खरडतां डॉक्टरसाहेब हें वाक्य हळूच उच्चारतात, आणि त्याचा अर्थ समजावयास कोणास भाष्य लागत नाहीं. सकाळच्या डॉक्टरांस वेळ नसतो, सायंकाळच्या डॉक्टरांस असतो. सकाळचें यंत्र बिघडलेलें असतें, सायंकाळचें चालू असतें. माणूस तोच, पदवी तीच, रोगीही तोच. मधल्या आठ तासांत बदल होतो तो एवढाच कीं, सकाळीं रोगी रिकाम्या हातानें आला तरी चालतें, सायंकाळीं चालत नाहीं.

सरसकट सर्व सरकारी डॉक्टरांस हें लावणें अन्यायाचें होईल. रात्रीं दोन वाजतां सर्पदंशाचा रोगी आला असतां अंगावरच्या कपड्यांनिशीं धांवत गेलेले आणि त्याबद्दल चहाचा पेलाही न घेतलेले वैद्यकीय अधिकारी आम्हीं कोरेगांवच्या बाजूस पाहिले आहेत. परंतु आज आम्हांस बऱ्या-वाईट माणसांविषयीं लिहावयाचें नाहीं. सरकारी रुग्णालयांतील डॉक्टरानें खासगी व्यवसाय करूं नये हा नियम, आणि तो खरोखर पाळला जावयाचा तर त्याचा खर्च कोणीं सोसावयाचा हा हिशेब, या दोन गोष्टींविषयीं लिहावयाचें आहे. पहिल्या गोष्टीला आपण सारे पटकन् मान डोलावतों. दुसरी निघाली कीं ओसरीवरचें संभाषण थांबतें आणि सुपारी कातरण्याचा आवाज तेवढा ऐकूं येतो.

आमचा सारा जन्म खडू-फळ्यापाशीं गेला, म्हणून प्रथम आमच्याच धंद्यांतला दाखला देतों. वर्गांत भूमितीचा सिद्धांत अर्धाच सोडून "उरलेलें शिकवणीला या म्हणजे समजेल" असें म्हणणारे मास्तर वाचकांनींही पाहिले असतील. हे मास्तर मुळांत लबाड असतात असें नाहीं. पहिल्या वर्षीं त्यांच्या घरीं दोन मुलें येतात, आणि तीं खरोखरच मागें पडलेलीं असतात. दुसऱ्या वर्षीं दहा येतात. तिसऱ्या वर्षीं, मास्तरांच्या स्वतःच्याही लक्षांत न येतां, शाळेंतला तास ही शिकवणीची जाहिरात होऊन बसते. तास उत्तम झाला तर शिकवणीला कोण येणार? येथें लोभाहूनही सोय अधिक घात करते. एकाच माणसानें एकच वस्तु एका दारीं फुकट आणि दुसऱ्या दारीं विकत द्यावयाची असेल, तर फुकटाच्या दाराची देखरेख हळूहळू ढिली पडते. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें, त्याच्या २८ व्या कलमान्वयें, शिक्षकांस खासगी शिकवणीची मनाई केली ती याच कारणासाठीं. ती मनाई किती पाळली जाते हें ज्यांच्या घरीं दहावीचें मूल आहे त्यांस आम्हीं सांगावयास नको. शाळा आणि रुग्णालय यांत भेद आहे तो इतकाच कीं, नापास झालेला मुलगा पुढच्या वर्षीं पुन्हा परीक्षेस बसूं शकतो.

प्रश्न आजकालचा नव्हे. इंग्रजी अमदानींत जिल्ह्याचे सिव्हिल सर्जन बहुधा इंडियन मेडिकल सर्व्हिसचे, म्हणजे मुळांत लष्करी नोकरीचे, अधिकारी असत. सरकारी पगाराखेरीज खासगी रोगी पाहण्याची त्यांस मुभा असे, आणि ही मुभा हाच त्या नोकरीच्या आकर्षणाचा एक मोठा भाग होता. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांतून 'ऑनररी' म्हणजे मानद डॉक्टरांची पद्धत रूढ झाली. नाममात्र मानधनावर सकाळीं कांहीं तास रुग्णालयांत यावयाचें, आणि उरलेला दिवस आपल्या दवाखान्यास द्यावयाचा. गोरगरिबांस त्यामुळें नामांकित हात मिळत हें नाकबूल करतां येणार नाहीं. पण रुग्णालयाच्या पाटीवरील नांव दवाखान्याच्या पाटीस उपयोगी पडे, आणि दवाखान्यांतील गर्दी रुग्णालयाच्या घड्याळास खात असे.

१९४३ सालीं सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं साऱ्या देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा विचार करण्यासाठीं समिति नेमली गेली आणि १९४६ सालीं तिचा अहवाल आला. त्या समितींत आपले कामगारपुढारी ना. म. जोशी होते. भारत सेवक समाजांत येण्यापूर्वीं हे गृहस्थ कांहीं वर्षें शिक्षक होते, ही गोष्ट आम्हांस उगाच अभिमानाची वाटते. पैसे देण्याची ऐपत नाहीं म्हणून कोणीही उपचारावांचून राहूं नये, हें या समितीचें मूळ सूत्र होतें. त्याच सूत्रांतून पूर्णवेळ पगारी सरकारी डॉक्टरांस खासगी व्यवसायाची बंदी असावी ही शिफारस निघाली. पुढें १९५६ सालीं दिल्लीस अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली; तेथील अध्यापकांस खासगी व्यवसाय नाहीं. १९६४ सालीं डॉ. जंगलवाला यांची समिति नेमली गेली. तिच्यापुढें ठेवलेल्या विषयांतच सरकारी डॉक्टरांचा खासगी व्यवसाय बंद करण्याचा विषय होता. तिनें १९६७ सालीं बंदीची शिफारस केली, पण ती एकटी केली नाहीं. समान कामास समान वेतन, विशेष कामास विशेष वेतन आणि नोकरीच्या एकंदर अटींत सुधारणा या शिफारशी तिनें त्याच दमांत केल्या. आमच्या मतें या प्रश्नाची किल्ली या जोडणींत आहे. त्यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत बंदीचा भाग पुनःपुन्हा वर काढला गेला आणि बाकीचा कपाटांत राहिला.

आपल्या राज्यापुरतें पाहूं. २०१२ च्या ऑगस्टांत महाराष्ट्र शासनानें सार्वजनिक आरोग्य विभागाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा खासगी व्यवसाय बंद करून त्याच्या बदल्यांत मूळ वेतनाच्या ३५ टक्के 'व्यवसायरोध भत्ता' देण्याचें ठरविलें. हा शब्द ज्या कारकुनानें घडविला त्याचा समास सोडविण्याचा हात बरा असावा. व्यवसायाचा रोध, त्यासाठीं भत्ता. अर्थ चोख आहे. रोध मात्र शब्दाइतका चोख झाला नाहीं. पत्नीच्या नांवाची पाटी, मेव्हण्याच्या नांवाचें रुग्णालय, "सल्लागार" म्हणून दुसऱ्याच्या शस्त्रक्रियागृहांत जाणें, या वाटा तालुक्याच्या प्रत्येक गांवीं लोकांस ठाऊक आहेत. कायद्याचीही एक बाजू आहे. पंजाबांतील दोन सरकारी डॉक्टरांच्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं असें ठरविलें कीं, नोकरीबाहेरच्या वेळांत फी घेऊन रोगी पाहणें हें सेवानियमांविरुद्ध गैरवर्तन असूं शकेल, पण तेवढ्यावरून तो लाचलुचपतीचा गुन्हा होत नाहीं. म्हणजे शिक्षा खात्यानें करावयाची. आणि ज्या खात्यास डॉक्टरच मिळत नाहींत तें खातें असलेल्या डॉक्टरास शिक्षा करील, ही अपेक्षा भोळेपणाची आहे.

डॉक्टर किती मिळत नाहींत, त्याचा एकच आंकडा देतों. केंद्र सरकारच्याच ग्रामीण आरोग्याच्या आंकडेवारीप्रमाणें २०२१-२२ सालीं देशांतील सामुदायिक आरोग्यकेंद्रांत विशेषज्ञांची, म्हणजे शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ व वैद्य यांची, तूट गरजेच्या जवळजवळ ८० टक्के होती. पांच खुर्च्यांपैकीं चार रिकाम्या. उरलेल्या एका खुर्चीवरच्या गृहस्थास "सायंकाळचा दवाखाना बंद करा, नाहीं तर घरीं जा" असें दरडावलें, तर तो दुसरा पर्याय आनंदानें पत्करील.

आमचा एक जुना विद्यार्थी कोरेगांव तालुक्यांतच शेती करतो. घेवडा आणि आलें हीं त्याचीं पिकें. (येथील वाघ्या घेवड्यास भौगोलिक मानांकन मिळालेलें आहे, घेवड्यास मान मिळाला, पिकविणाऱ्यास मिळावयाचा आहे.) त्याची आई अंगणांत पाय घसरून पडली आणि खुब्यापाशीं हाड मोडलें. एका सरकारी रुग्णालयांत तो तिला घेऊन गेला. सळई शिल्लक नाहीं, भूल देणारे डॉक्टर रजेवर आहेत, पंधरा दिवसांनीं पाहूं, असें उत्तर मिळालें. सायंकाळीं त्याच डॉक्टरांनीं दुसऱ्या एका जागीं तिला तपासलें आणि दुसऱ्या दिवशीं शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम झाली. म्हातारी आज काठी न घेतां देवळांत जाते. खर्च सुमारे ऐंशी हजार रुपये आला, आणि तो आल्याच्या व्यापाऱ्याकडून उचल घेऊन भागविला. हें सांगतांना त्यानें पैशाची तक्रार केली नाहीं. तो म्हणाला, "गुरुजी, सकाळीं त्यांनीं आईकडे मान वर करून पाहिलें नाहीं. सायंकाळीं तिला 'आजी' म्हणाले."

हीच गोष्ट आम्हीं सरकारी नोकरींतून निवृत्त झालेल्या एका डॉक्टर स्नेह्यांस सांगितली. ते रागावतील असें वाटलें होतें, पण ते कांहीं वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "तुम्ही एक बाजू ऐकलीत, आतां दुसरी ऐका. मी तालुक्याच्या गांवीं शल्यचिकित्सक म्हणून चार वर्षें काढलीं. भूल देणारा डॉक्टर एकदांही मिळाला नाहीं. चार वर्षें गळूं फोडलीं आणि दाखले लिहिले. हात गंजूं लागला. घराच्या छपरांतून पाणी गळत होतें, मुलाच्या शाळेसाठीं बायको साताऱ्यास राहत होती. त्या काळांत सायंकाळीं एका खासगी रुग्णालयांत जाऊन मी शस्त्रक्रिया करीत असें, तेव्हांच आपण शल्यचिकित्सक आहों असें मला वाटे." हें उत्तर आमच्या मनांत राहिलें आहे. सायंकाळच्या दवाखान्यांत पैसा मिळतो हें उघड आहे. तेथें हत्यार धारेचें मिळतें, परिचारिका हाकेसरशीं येते, आणि रोगी नमस्कार करतो, हें आपण विसरतों. २०१४ च्या जुलैंत राज्यांतील सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांनीं संप केला, तेव्हां ओ. पी. डी. बंद पडल्या म्हणून आपण संतापलों, आणि तें योग्यच होतें. परंतु त्यांच्या मागण्यांची यादी किती जणांनीं वाचली?

चरकसंहितेंत चिकित्सेचा बाजार मांडणाऱ्या वैद्यास सोन्याची रास टाकून धुळीची रास उचलणारा म्हटलें आहे. हें वचन आपण डॉक्टरांस ऐकविण्यांत मोठे तत्पर असतों. पण चरकाच्या काळच्या वैद्याच्या पाठीशीं राजा होता, गृहस्थ होते. त्याच्या घरच्या धान्याची काळजी कोणी तरी वाहत होतें. भूतदया पोटास लागत नाहीं, हें चरकानें लिहिलें नाहीं, कारण तें लिहिण्याची गरज त्यास वाटली नसावी. आपल्या काळांत राजाच्या जागीं कर भरणारे आपण आहों.

तेव्हां आतां पाटी-पेन्सिल घेऊन बसूं. वैद्यकीय अधिकाऱ्याचें सुरुवातीचें मूळ वेतन मासिक ५६,१०० रुपये धरा. त्याचे ३५ टक्के म्हणजे १९,६३५ रुपये. वर्षाचे झाले २,३५,६२०. दहा हजार डॉक्टरांस हा भत्ता द्यावयाचा असें समजा, म्हणजे २३५ कोटि ६२ लाख रुपये. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें राज्याची लोकसंख्या ११ कोटि २४ लाख. भागाकार करा: माणशीं वर्षास सुमारें २१ रुपये! या भत्त्यावरचा महागाई भत्ता आणि पुढचें निवृत्तिवेतन यांसाठीं दुप्पट करा, ४२ रुपये. पण आमच्या स्नेह्यांचें म्हणणें ऐकल्यावर भत्त्यावर थांबतां येत नाहीं. भूल देणारा हवा, परिचारिका हव्यात, सळई हवी, छप्पर न गळणारें घर हवें. म्हणून त्याच्याही दसपट करा. माणशीं ४२० रुपये, सहा माणसांच्या कुटुंबास वर्षास २,५२०. आमच्या विद्यार्थ्यानें आईच्या एका खुब्यासाठीं जे ऐंशी हजार मोजले, त्यांत त्याच्या कुटुंबाची ही वर्गणी जवळजवळ बत्तीस वर्षांची भागली असती. हे आंकडे सरकारी अंदाजपत्रकाचे नव्हेत, आमच्या पाटीवरचे आहेत, आणि दसपट ही आमची कल्पना आहे. कोणास वीसपट करावीशी वाटली तर करावी. सोळा वर्षें उरतील, आणि सोळा वर्षांत सहा माणसांच्या घरीं एकच दुखणें आलें असें कोणाच्या घरीं घडलें आहे?

वाचकांपैकीं कोणी म्हणतील, हा पैसा नवा कोठून आणावयाचा? आमचें उत्तर असें कीं, तो नवा नाहींच. आजही आपणच देत आहों, फक्त सायंकाळीं देतों, पावतीवांचून देतों, आणि ज्याच्या घरीं संकट आलें त्यानें एकट्यानें देतों. राष्ट्रीय आरोग्यलेख्याप्रमाणें देशांतील एकूण आरोग्यखर्चांत कुटुंबांच्या खिशांतून थेट जाणारा भाग २०१३-१४ सालीं ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ सालीं ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे. तरी शंभरांतले एकोणचाळीस रुपये आजारी माणसाच्याच घरून यावेत ही रीत भूषणावह नव्हे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्यधोरणानें सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांपर्यंत नेण्याचें ठरविलें होतें. २०२१-२२ सालीं तो १.८४ टक्के होता. राज्यांनीं आपल्या अंदाजपत्रकाच्या आठ टक्क्यांहून अधिक भाग आरोग्यास द्यावा असेंही त्याच धोरणांत आहे.

आपल्या राज्यानें या दिशेनें दोन पावलें टाकलीं आहेत, तीं येथें नोंदवितों. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरापासून तपासण्यांपर्यंत सारें निःशुल्क झालें. रोग्याच्या दृष्टीनें उत्तम. परंतु लहानसहान दुरुस्तीस उपयोगी पडणारें रुग्णालयाचें थोडेंसें स्वतःचें उत्पन्न त्यायोगें बंद झालें, आणि तितकी रक्कम वेळेवर तिजोरींतून आली नाहीं तर बिघडलेलें यंत्र बिघडलेलेंच राहील, आणि मग रोगी पुन्हा सायंकाळच्या यंत्राकडे जाईल. दुसरें पाऊल महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचें. २०१२ सालीं ही योजना दुसऱ्या नांवानें आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०२३ सालीं ती सर्व शिधापत्रिकाधारकांस लागू करून मर्यादा पांच लाखांवर नेण्याचें ठरलें. या योजनेंत सरकारी रुग्णालयानें शस्त्रक्रिया केली तर त्या रुग्णालयासही ठरलेली रक्कम मिळते, आणि तिचा कांहीं भाग डॉक्टर व इतर सेवकवर्ग यांस प्रोत्साहन म्हणून वांटतां येतो. आम्हांस ही कल्पना पसंत आहे. अधिक काम करणाऱ्यास अधिक मिळतें, पण तें रोग्याच्या मुठींतून न मिळतां रुग्णालयाच्या खात्यांतून मिळतें, आणि त्यांत परिचारिकेचाही वांटा असतो. एक भीति मात्र वाटते. योजनेंत बसणाऱ्या शस्त्रक्रियेस मोबदला आणि साध्या तापास कांहींच नाहीं, असें झालें तर तापाचे रोगी पुन्हा रांगेच्या शेंवटीं जातील. तेव्हां हा मोबदला भत्त्याच्या जोडीनेंच असावा, भत्त्याच्या जागीं नसावा.

परदेशांतील एका उदाहरणाचा येथें उपयोग होईल. आयर्लंडांत सरकारी रुग्णालयांतच खासगी रोग्यांस खाटा मिळत. विमा असलेल्याचा नंबर लवकर लागे, आणि त्याची फी डॉक्टरास व खाटेचें भाडें रुग्णालयास मिळे. २०१७ सालीं तेथील लोकसभेच्या सर्वपक्षीय समितीनें ही पद्धत बंद करावी असें सुचविलें. लगेच बंदीचा हुकूम निघाला नाहीं. प्रथम एक स्वतंत्र मंडळ नेमून खर्च काढविला; २०१९ सालीं त्यानें सांगितलें कीं, हा बदल पुरा झाल्यावर सरकारास वर्षास सुमारें ६५ कोटि युरोंचा भार उचलावा लागेल. पन्नास लाखांच्या आसपास वस्तीच्या देशास ही रक्कम लहान नव्हे. मग २०२३ च्या मार्चांत नवा करार आला: केवळ सरकारी रोगी पाहावयाचे, आणि वेतन वर्षास दोन लाख युरोंहून अधिक. नवीन येणाऱ्यांस हाच करार, जुन्यांस मात्र तो घेण्याची मुभा. म्हणजे आधीं किंमत विचारली, मग पैसा ठेवला, मग दार लावलें, आणि तेंही प्रथम नवागतांसाठीं. आपल्याकडे केरळानें २००९ सालीं सरकारी वैद्यक महाविद्यालयांतील अध्यापकांचा खासगी व्यवसाय बंद केला, तोही वेतनवाढीबरोबर. आणि तेलंगणानें २०२२ सालीं नव्या भरतीच्या डॉक्टरांपुरती बंदी घातली.

इतकें लांब जाण्याचेंही कारण नाहीं. कोरेगांवाहून आगगाडीनें निघालें तर त्याच रुळांवर पुढें मिरज आहे. तेथें १८९४ सालीं डॉ. विल्यम वॉन्लेस यांनीं मिशनचें रुग्णालय उघडलें. दूरदूरच्या संस्थानांतून रोगी मिरजेस येत. अशा मिशन रुग्णालयांची रीत साधी असे: डॉक्टरानें मिशनच्या वेतनावर राहावयाचें, ऐपतवाल्यानें फी द्यावयाची, ती संस्थेच्या तिजोरींत पडावयाची, आणि तिच्यांतून गरिबाची खाट चालावयाची. धर्मप्रसाराच्या हेतूबद्दल आपल्या वाडवडिलांच्या मनांत जी शंका होती ती ठेवून देखील, "डॉक्टरांचें घर कोठें आहे?" असें मिरजेस विचारावें लागत नाहीं, हें त्यांनीं मान्य केलें होतें. त्याच मिरजेंत १९६२ पासून सरकारी वैद्यक महाविद्यालय आहे, आणि साताऱ्यास २०२१-२२ पासून दुसरें सुरू झालें आहे. आपल्या भागांतलीं मुलें तेथें डॉक्टर होत आहेत. त्यांपैकीं जीं सरकारी नोकरींत येतील त्यांच्याशीं आयर्लंडासारखा स्वच्छ करार करावयास आजच्याइतकी चांगली वेळ पुन्हा येणार नाहीं.

खासगी व्यवसायाच्या बाजूनें एक युक्तिवाद नेहमीं केला जातो: मुभा ठेवली तर सरकारास निम्म्या पगारांत चांगला डॉक्टर मिळतो. हा हिशेब अर्धाच मांडलेला आहे. उरलेला निम्मा पगार सरकार वांचवीत नाहीं. तो रोग्याकडून वसूल करण्याचा परवाना देतें. पूर्वीं कुळकर्णी-पाटलांस वतन देऊन वसुलीचें काम सोंपवीत, त्यांतलाच हा प्रकार आहे. आणि यांत सर्वांत अधिक भरडला जातो तो मधला माणूस, ज्यास सायंकाळची फी परवडत नाहीं आणि सकाळच्या रांगेंत आईस पंधरा दिवस ठेवणेंही परवडत नाहीं.

आपल्यासारख्या सुशिक्षित घरांचाही येथें संबंध आहे. आजोबांचा मोतीबिंदु, आजींचे गुडघे, सुनेचें बाळंतपण, यांपैकीं कांहीं निघालें कीं एकत्र कुटुंबांत पहिला प्रश्न असा निघतो कीं, त्या डॉक्टरांशीं कोणाची ओळख आहे? ओळख निघते, सायंकाळीं भेट ठरते, आणि दुसऱ्या दिवशीं सरकारी रुग्णालयांतील उत्तम खाट रांगेवांचून मिळते. मग ओसरीवर आपण म्हणतों, "सरकारी दवाखान्यांत आतां कांहीं राम राहिला नाहीं." ज्यांस अर्ज लिहितां येतो, आमदारास प्रश्न विचारतां येतो, वृत्तपत्रास पत्र पाठवितां येतें, तीं सारीं माणसें सायंकाळच्या दारानें आंत गेलीं, तर सकाळच्या रांगेंत बोलणारें कोण उरतें? जिल्हा परिषदेच्या शाळांची पटसंख्या आपलीं मुलें काढून घेतल्यावर कशी घटली, हें आम्हीं डोळ्यांदेखत पाहिलें आहे. रुग्णालयांचें तेंच चाललें आहे.

काय करतां येईल? सरकारी रुग्णालयांस जोडून रुग्ण कल्याण समित्या असतात. त्यांच्या सभांत कोण बसतें, केव्हां बसतें, हें पुष्कळ गांवांत कोणास ठाऊक नसतें. त्यांत निवृत्त शिक्षक, पोस्टमास्तर, बँकेंतले अधिकारी यांनीं शिरावें. यांस वेळ आहे, हिशेब येतो, आणि मतें मागावयाचीं नसल्यामुळें भीडही कमी असते. तेथें डॉक्टरांवर हेरगिरी करूं नये. डॉक्टरांच्याच बाजूनें तीन प्रश्न दरमहा विचारावे: मंजूर पदें किती आणि भरलेलीं किती, भूल देणारा डॉक्टर या महिन्यांत किती दिवस हजर होता, आणि साहित्य नाहीं म्हणून किती रोगी दुसरीकडे धाडले. पहिलीं दोन उत्तरें वरच्या कार्यालयास टोंचतील, तिसरें सायंकाळच्या दवाखान्यास. हीं उत्तरें रुग्णालयाच्या दाराशीं एका काळ्या फळ्यावर लिहिलीं जावींत, म्हणजे रांगेंत उभ्या असलेल्यांस वाचावयास कांहीं तरी मिळेल. फळा कोरेगांवांत स्वस्त मिळतो. खडू आम्ही देऊं.